शिंपिणीचं नाव

माणसाचं पाऊल रानात पडायच्या आधीची गोष्ट. कुणाला काही हवं असलं, की तो सुतार पक्ष्याकडे जाई. रानात कोण काय करतं आणि कुठे भेटतं, ते सारं त्यानं सागाच्या खोडावर कोरून ठेवलेलं असे.

पानं शिवून घरटी करून देणाऱ्या शिंपीण पक्षिणीनं जांभळीवर नवं दुकान थाटलं आणि ती तडक सागाकडे गेली. "सुतारदादा, माझंही नाव घाला ना!"

"घालतो की. पण आधी खारूताई दुकान बघून येईल, मगच."

शिंपिणीला धीर कुठला! सकाळी ती पोपटांच्या थव्याकडे, दुपारी वानरांकडे. "माझं नाव सांगाल ना? विसरणार नाही ना?" संध्याकाळी पुन्हा सागावर. "आलं का नाव?" इकडे अर्धं शिवलेलं पान वाऱ्यावर लोंबकळत राहिलं. खारूताई तीनदा येऊन गेली. अंडी घालायच्या घाईत असलेली बुलबुलीण दोनदा आली, दुकानात कुणीच नाही म्हणून हिरमुसून परतली.

आठव्या दिवशी नाव आलं. शिंपीण नाचतच सागावर पोचली. सुतारानं सुबक अक्षरांत, खोलवर कोरलं होतं: "शिंपीण. जांभळीवर. कधीच भेटत नाही."