पिंपावरचा मासा

वाघवणीच्या जहागीरदारांना होड्यांवरची रंगीत भांडी जमवायचं वेड लागलं आणि त्यांच्या जिवाची स्वस्थताच गेली. खाडीत शीड दिसलं, की ते जेवत्या ताटावरून उठत. दिवाणखाना भरला, तरी मन भरेना.

अशातच कानावर आलं, की मथुबाई तांडेलणीच्या होडीवर पाण्याचं लाकडी पिंप आहे, सगळ्यांत जुनं. लगेच शिपाई धाडून त्यांनी ते उचलून आणवलं. पाठोपाठ मथुबाईही आली.

पिंपावर निळा मासा होता, रंग अगदी ताजा. जहागीरदार भडकले. "हा तर परवाचा!"

"दर नारळी पौर्णिमेला घरची सून जुन्या माशावर नवा मासा काढते, सरकार. त्याशिवाय आमची होडी पाण्यात जात नाही. माझ्या माशांखाली सासूचे आहेत, त्यांखाली आजेसासूचे."

"मग मला आजेसासूचाच हवा. अस्सल तोच! वरचे सगळे खरवडून काढा रे!"

शिपाई पटाशी घेऊन पुढे झाला. मथुबाईचा चेहरा उतरला, पण हात जोडून ती म्हणाली, "खरवडा, सरकार. फक्त एक सांगा. या गादीवर आज आपण आहात, आपल्याआधी थोरले सरकार होते, त्यांच्याआधी आजोबासरकार. सगळ्यांत जुना तेवढाच अस्सल असेल, तर गादीवरून आधी कुणाला खरवडायचं?"

पटाशी हवेतच थांबली. हसायची कुणाची छाती झाली नाही. जहागीरदार गादीवर दोनदा चुळबुळले, मग उठूनच उभे राहिले.

"पिंप होडीवर पोचवा," ते शिपायावर खेकसले. "आणि सांभाळून! वरच्या रंगाला ओरखडाही येता कामा नये."