सरकणारा पापुद्रा

मनगटावर बांधायची यंत्रं नुकतीच जन्माला येत होती, तेव्हाची ही गोष्ट. नाडी मोजणाऱ्या एका पट्टीत अभ्रकाचे दहा पापुद्रे एकावर एक बसवले होते. पट्टी बांधली कुंभारकाम करणाऱ्या सगुणाबाईंच्या मनगटावर.

"एकमेकांना घट्ट धरा. कुणी हलायचं नाही," सर्वांत वरचा पापुद्रा म्हणाला.

"मनगट वळलं की मी सरकणार," खालचा म्हणाला.

"फितूर आहेस."

सगुणाबाईंनी चाकावरच्या मातीला हात घातला. मनगट वळलं आणि वरच्याच्या कडेला तडा गेला. तेवढ्यात खालचा केसभर सरकला. त्याचं बघून बाकीचे सरकले, तसा ताण उतरला आणि तडा तिथेच थांबला. हात सरळ होताच सगळे जागेवर आले.

"सोडून गेला नाहीस?" वरच्याने विचारलं.

"सोडायचं नव्हतं, म्हणून तर सरकलो."