सगळ्यांत खालून वर कोण आलं?

हिरवडी संस्थानच्या दरबार हॉलमध्ये तीन दिवस एकच वाद चालला होता आणि तो मिटायची चिन्हं दिसत नव्हती. रॅपची गाणी काढणाऱ्या कंपन्यांचे तीन मालक समोर बसलेले. त्यांच्यापैकी सगळ्यांत खडतर वाटेने वर कोण आलं?

संस्थान केव्हाच विलीन झालं होतं, पण ही बातमी श्रीमंत उग्रसेनराव सरकारांपर्यंत अजून नीट पोचलेली नव्हती. दरवर्षी ते एका कलावंताला रुप्याची तलवार देत. यंदा कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की रॅप म्हणजे आजचा पोवाडाच.

"मग तलवार रॅपवाल्यांच्या म्होरक्याला," सरकार म्हणाले. "आणि जो अगदी मातीतून उठलाय, त्यालाच."

झालं. राजवाड्यावर पाहुणे येऊन थडकले. एक किंग काजळी, गळ्यात बैलाच्या साखळीएवढी साखळी. दुसरे बाबा फुफाटा, डोळ्यांवर काळा चष्मा. तो ते जेवतानाही काढत नसत. तिसरी रेश्मा तांबोळी, 'धोपटी' नावाच्या लहानशा कंपनीची मालकीण.

त्यांचं चहापाणी, जेवणखाण भामाकडे होतं. अकरा वर्षं ती राजवाड्यात कामाला होती, पण मटणाची ताटं समोर ठेवून उपासमारीच्या इतक्या गोष्टी तिने कधी ऐकल्या नव्हत्या.

"पत्र्याच्या एका खोलीत आम्ही अकरा जण," काजळी म्हणाले. "शिळा पाव पाण्यात बुडवून खाल्लाय मी."

"पत्रा होता तुम्हाला? नशीबवान," फुफाटा म्हणाले. "मी सिमेंटच्या पाइपात वाढलो." आणि त्यांनी भामाकडे मटणाची आणखी एक नळी मागितली.

दुसऱ्या दिवशी काजळींच्या पत्र्याला भोकं पडली. तिसऱ्या दिवशी पत्राच उडून गेला.

रेश्माची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. मी स्पीकरच्या दुकानात नोकरी करायचे. पहिली गाणी घरच्या कपाटात, गोधड्यांमध्ये बसून रेकॉर्ड केली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. उकडायचं फार."

सरकारांनी जांभई दिली. "बस? एवढंच?"

"एवढंच."

"माझा तर पाइपही अर्धाच होता," फुफाटा घाईने म्हणाले.

भामाला हसू आवरलं नाही.

"कोण हसलं?" सरकारांनी मान वळवली. "तू? तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं? मग तूच लाव निकाल. दिवेलागणीपर्यंत. कुणाच्या गावी माणूस धाडायचा नाही, कुणाला फोन करायचा नाही. आणि निकाल तिघांनीही मान्य केला पाहिजे. नाही जमलं, तर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

उष्टी ताटं उचलून भामा मागे गेली. काजळींच्या ताटात हाडांचा ढीग होता. भांडी विसळता विसळता तिच्या मनात आलं, भरल्या पोटी भुकेच्या गोष्टी सांगायला जातंय काय? हेच ताट रिकामं आलं असतं तर?

तिने हात पुसले आणि परत हॉलमध्ये येऊन उभी राहिली.

"सरकार, निकालाआधी बक्षिसाचं बोलू. नुसती तलवार काय, भिंतीवर टांगली जाते. जो जिंकेल, त्याचं लहानपणचं घर पुढच्या अंगणात उभं करू. तो सांगेल तसं हुबेहूब. त्यात त्याने आठ दिवस राहायचं, तेव्हा जे खायचा तेच खायचं. गावोगावचे लोक बघायला येतील. आठ दिवस पुरे केले, की तलवार."

सरकार खूश झाले. "वा, उद्याच गवंडी बोलवा."

"फुफाटासाहेब, तुमचं सगळ्यांत हलाखीचं," भामा अदबीने म्हणाली. "पाइप किती फुटी मागवू?"

फुफाटांनी तीन दिवसांत पहिल्यांदा चष्मा काढला. "पाइप तसा आमचा नव्हता. काका इंजिनिअर. त्यांच्या ऑफिसबाहेर पाइप पडलेले असायचे. मी त्यात खेळायचो."

"आणि राहायला?"

"काकांचा बंगला. पण या हॉलच्या मानाने फारच लहान."

"मग काजळीसाहेब, तुम्ही. शिळे पाव आजच आणून ठेवते."

"शिळे म्हणजे सकाळचे," काजळी साखळीशी चाळा करत म्हणाले. "घरची बेकरी होती ना."

"आणि एका खोलीत अकरा जण?"

"दिवाळीत. पाहुणे यायचे."

भामा रेश्माकडे वळली. रेश्माने क्षणभर विचार केला. "घर साधंच, त्यातलं कपाट तेवढं जरा उंच घ्या, आता मी तेव्हाएवढी राहिले नाही. जेवायला अंबाडीची भाजी आणि भाकरी चालेल, मला अजून आवडते. फक्त आत बसून काम करू द्या. एका पोरीचं गाणं अर्धं राहिलंय."

"निकाल मान्य?" भामाने विचारलं.

"मान्य," दोघे एका सुरात म्हणाले. काजळींनी तर कपाटाला कुठलं लाकूड बरं पडेल तेही सुचवलं.

खिडकीबाहेर अजून लख्ख ऊन होतं. तीन दिवस आपण पाइपाच्या गोष्टींना मान डोलावली, हे सरकारांना बोचत होतं. त्यांनी मिशीला पीळ दिला.

"सगळ्यांचं वर येणं मोजलंस, भामा. आता आमचं सांग. आम्ही किती चढलो?"

काजळी आणि फुफाटा आता हिची कशी जिरते ते बघायला पुढे सरसावले.

"सरकार," भामा म्हणाली, "आपला जन्मच वरच्या माडीवरचा. आपल्याला चढायला कुणी जागाच ठेवली नाही. आपण रोज नुसतं खाली यायचं, तेही चहाला."

आधी सरकारांचं पोट हललं, मग मिशी हलली, आणि ते इतके हसले की डोळे पुसायला त्यांना फेट्याचा शेव घ्यावा लागला. हसता हसताच त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढलं, भामाच्या हातातल्या ट्रेमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीची तलवार कुणाला द्यायची, ते तूच ठरव. आम्ही आपले चहाला येऊ."