आबासाहेबांची डोकेदुखी

पुण्याच्या तांबट आळीत सकाळपासून हातोड्यांचे ठोके चालू असत. पण तिथले घरमालक आबासाहेब गोडांबे यांना म्हणे शांतता अतिशय प्रिय. वरची जागा पाहायला आलेली वसुधा टिळेकर गायनशिक्षिका आहे, हे कळताच त्यांनी हात झटकले.

“गाणंबिणं आमच्या डोक्यावर नको, बाई!”

याच कारणाने चार घरमालकांनी वसुधेला नकार दिला होता, आणि तिचे संगीत विद्यालय तर आळीच्या तोंडाशीच होते. ती म्हणाली, “आबासाहेब, न ऐकताच निकाल कसा देता? मी वर जाऊन दहा मिनिटं गाते. तुम्ही इथेच बसून ऐका. त्रास झाला, तर मी निघाले.”

आबासाहेबांच्या पत्नी कुमुदिनीबाई तिला वर घेऊन गेल्या. दोघी खाली आल्या, तेव्हा आबासाहेब कपाळ दाबत बसले होते.

“छे, छे! डोकं उठलं माझं. शिवाय तार सप्तकात तुमचा सूर घसरतो. आम्हीही कानसेन आहोत, म्हटलं!”

“अहो, ती गायलीच कुठे?” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “आम्ही दोघी ओट्यापाशी गप्पा मारत होतो.”

आबासाहेबांनी कपाळावरचा हात हळूच खाली घेतला. वसुधेने अदबीने विचारले, “माझ्या न गाण्याने तुमचं डोकं एवढं दुखत असेल, तर मी रोज गायलेलंच बरं, नाही का?”

कुमुदिनीबाईंना हसू आवरेना. जागेची किल्ली वसुधेच्या हातावर ठेवत त्यांनी नवऱ्याला विचारले, “बाम आणू, की आत्ताच एक गाणं ऐकता?”