मुठीचा टेप

त्या टेपावर, म्हणजे टेकाडावर, रेडिओ केंद्राची खोली दिसते ना पाव्हणं, त्याला मुठीचा टेप म्हणतात. बोलणारा माणूस आधी खाली तळवाडीकडं वरईची एक मूठ फेकतो, मगच माईकपुढं बसतो. हसा, हसा! पण तुमचा तो 'ब्रॉडकास्ट' शब्द तरी कुठला? इंग्रजांच्या मुलखात मुठीनं बी लांबवर फेकायचं, त्याला हा शब्द होता. आमच्यात फोकणं म्हणतात. रेडिओ मागाहून आला आणि त्यानं शेतातला शब्द उचलला. इथं तर म्हणे त्याच्या कितीतरी आधी एकानं बातमी फोकली होती.

सोननाक त्याचं नाव, गावची दवंडी त्याच्याकडं. एका वैशाखात ओढ्याच्या वरच्या अंगाला पटकी लागली. पाणी नासलंय हे सोननाकानं ओळखलं. पण जत्रा तोंडावर आलेली. पाटलानं त्याचा डफ काढून घेतला नि बजावलं, "तोंड उघडलंस तर जीभ हासडीन!" इकडं सोननाकाची एकुलती लेक भागी ओढ्याच्या पार शेवटाला, तळवाडीत नांदत होती.

गावात एक रीत होती. पेरणाऱ्याला झोळी रिकामी होईतो कुणी अडवायचं नाही, अडवलं तर दुष्काळ पडतो. सोननाकानं घरातलं सगळं बियाणं झोळीत भरलं. बायको म्हणाली, "अवो, म्होरं खायाचं काय?"

"आधी जगूया तर खरं," म्हणाला नि निघाला.

आधी लेकीकडं जाता आलं असतं. पण वरची घरं आधी मरणार होती, म्हणून तो वरनं खाली आला. वाटेवर, खडकावर, अंगणात मूठ फेकायची नि ओरडायचं, "वढ्याचं पानी पिऊ नगा! पटकी आलीया!" पाटलाची माणसं काठ्या घेऊन मागं, पण हात लावायची छाती कुणाची होईना. एक म्हातारी बहिरी होती. तिला तीनदा सांगितलं, तीन मुठी गेल्या.

टेपावर आला तेव्हा खाली तळवाडी दिसत होती. भागी हंडा घेऊन ओढ्यात उतरत होती म्हणे. त्यानं झोळीत हात घातला, झोळी उलटी केली. दाणा नव्हता. "भागे!" एवढंच ओरडला, तेवढ्यात काठी बसली. तो तिथंच मेला.

वरची वाडी वाचली. तळवाडीत त्या जत्रेनंतर माणूस उरलं नाही.

आजही तिथं चूल पेटत नाही. पहिली मूठ मात्र तिकडंच जाते. ऐकायला कुणी नसेना का, त्याची राहिलेली मूठ आहे ती.