आवडाबायचा न पडलेला कौल

खैरमळ्याच्या नदीवर अजून साकव नव्हता आणि डोंगरातला वाघ माणसाला वाट देऊन बाजूला उभा राहायचा, त्या काळातली ही गोष्ट. तुमच्या पणज्याच्या पणज्यानं ती डोळ्यांनी पाहिली, त्यानं नातीला सांगितली, नातीनं आणखी कुणाला. सांगता सांगता कुणी दोन शब्द वाढवले असतील, कुणी चार गाळले असतील. पण आवडाबाय होती, एवढं खरं. तिची पायरी अजून देवळासमोर आहे.

त्या वेळी रवळनाथाला विचारल्याशिवाय गावात काडी हलत नसे. पेरणी कधी, जत्रा कधी, बांध कोणाचा, सगळं देवाला विचारायचं. गुरव पाषाण धुवायचा आणि देवाच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली कळी चिकटवायचा. मग गाऱ्हाणं घालायचा. "बा देवा म्हाराजा!" असं तो म्हणाला की सगळा गाव एका आवाजात म्हणायचा, "होय म्हाराजा!" उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. यालाच कौल म्हणतात. कळी पडेपर्यंत गुरवानं जागेवरून उठायचं नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. आणि लावलेला प्रश्न मागे घ्यायचा झाला, तर तो ज्यानं विचारला त्यानंच घ्यायचा. दुसऱ्या कुणाला तो अधिकार नाही.

आवडाबाय गुरवाची लेक. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कपाळ पांढरं घेऊन माहेरी आली. घरात म्हातारा बाप आणि धाकटा भाऊ बाबल. आई बाबलच्या जन्मातच गेली होती, म्हणून त्याला आवडानंच खांद्यावर वाढवलं. बाबल अंगानं खांबासारखा झाला, पण डोकं चुलीवरच्या दुधासारखं. आता शांत आणि आता उतू. पंतोजीकडे चार दिवस गेला आणि पाचव्या दिवशी त्यांची छडी मोडून परत आला. बाप मरायला टेकला तेव्हा गावानं विचारलं, पुढे कळ्या कोण लावणार? बापानं कौल घेतला आणि देवानं आवडाबायच्या बाजूनं उजवी कळी दिली. गाव चकित झाला. बाबलला मात्र हायसं वाटलं. तो म्हणाला, "बरा झाला. माझ्या हातान कळी लागण्याआधी चुरगाळली असती."

तेव्हापासून आवडाबाय पाषाण धुवायची, कळ्या लावायची. बाबल पहाटे कळ्या खुडून पानावर आणून द्यायचा. असं म्हणतात, तिच्या हातची कळी कधी खोटी पडली नाही.

त्याच गावात इठा नावाची एक बाई राहायची. काथ्याचा सुंभ वळायची. तिच्या दोरानं बांधलेला रेडा सुटत नसे, असं म्हणतात. तिला एकच मुलगा होता. तो तापानं फणफणला तेव्हा इठानं देवळात सात दिवस धरणं धरलं. आठव्या दिवशी मुलगा गेला. त्यानंतर इठा देवळात आली नाही. जत्रेला नाही, दसऱ्याला नाही. वाटेत देऊळ लागलं तर ती मान फिरवून जायची. गावानं चार दिवस बोलून पाहिलं आणि सोडून दिलं.

पण बाबलनं सोडलं नाही. आवडाबाय सासरी होती त्या दोन वर्षांत इठानंच त्याला पेज भरवली होती. तो अजून तिच्याकडे जायचा, काथ्या कुटून द्यायचा आणि शिव्या खाऊन यायचा.

एका चैत्रात गुरांवर रोग आला. तोंडाला फेस, खुरांना जखमा. महिन्याभरात अर्ध्या गावाचे बैल गेले. नांगरणी तोंडावर आली होती. तेव्हा गावचा कारभार अप्पाजी देसाई पाहायचे. माणूस दुष्ट नव्हता. मेलेल्या बैलाच्या गळ्यातली घाटी हातात घेऊन रडताना लोकांनी त्यांना पाहिलं होतं. पण घाबरलेला कारभारी दुष्टापेक्षा लवकर चुकतो. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं, "देव रुसलो असा. एक बाई मान फिरवता, तेची शिक्षा सगळ्या गावाक." देसायांना ते पटलं. त्यांनी ठरवलं, इठाला दोरीनं बांधून देवळात आणायची आणि देवापुढे तिचं डोकं टेकवायचं. पण कौलाशिवाय नाही. ते नेमाचे पक्के होते.

दोरी आणायला देसायांची माणसं गेली ती इठाकडेच! गावात दुसरीकडे चांगला दोर मिळतच नव्हता.

इठानं विचारलं, "कोणाक बांधूक होयो?"

माणसं पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागली.

इठाला कळलं. ती आत गेली आणि जाडसा दोर घेऊन आली. "ह्यो न्हेवा. बाकीचे कच्चे असत, मी तोडीन." माणसं दोर न घेताच पळाली.

ही बातमी बाबलला लागली आणि त्याचं दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे कळ्या खुडायला गेला तेव्हा वाटेत फणसाचं झाड होतं. त्यानं एका कुयरीच्या, म्हणजे कोवळ्या फणसाच्या, देठाला कोयता लावला. पांढरा चीक आला. एका कळीच्या बुडाला त्यानं थेंबभर चीक लावला आणि ती पानावर उजवीकडे ठेवली. उजवी पडायलाच नको. होकार मिळायलाच नको. एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

देवळात गाव जमला. आवडाबायनं पाषाण धुतला, कळ्या लावल्या. देसायांनी प्रश्न घातला. "बा देवा म्हाराजा, इठाक दोरीन बांधून तुझ्या पायार घालूची काय?"

"होय म्हाराजा," गाव म्हणाला. पण आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा.

थोड्या वेळानं डावी कळी पडली. नकार!

गावानं श्वास सोडला. बायका डोळे पुसू लागल्या. देसायांनीसुद्धा हात जोडले. "देवाची मर्जी," ते म्हणाले. "कायतरी दुसरो उपाय बघूया." सगळं तिथंच संपलं असतं.

आवडाबाय उजवी कळी काढायला गेली. कळी निघेना. तिनं जोर लावला तेव्हा कळीमागून पांढरी तार लांबत आली. तिनं मागे वळून बाबलच्या हातांकडे पाहिलं. फणसाचा चीक पाण्यानं जात नाही. त्याला धूळ चिकटते आणि बोटं काळी होतात. बाबलची बोटं काळी होती.

कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. कळी मुठीत घेतली असती तर झालं असतं. बाबल डोळ्यांनी तिला विनवत होता. असं म्हणतात, तेवढ्या वेळात देवळावरून उडणारा कावळा हवेतच थांबला होता.

आवडाबायनं कळी वर धरली. "गांवकऱ्यांनू, ह्यो कौल खोटो. हेका चीक लावललो असा. माझ्या भावान लावलो."

"बाय!" बाबल ओरडला. "गप रव मगे! सुटली ना ती?"

"आज तुझ्या चिकान सुटली," आवडाबाय म्हणाली. "उद्या देसायांच्या चिकान कोण बांधलो जायत, तां तू सांगशीत? रे मेल्या, कळी आपली आपण पडता म्हणान तर ती सगळ्यांची. तुझ्या बोटान पडली तर ती तुझी एकट्याची."

देसाई संतापले. "मग पुन्ना लाव कौल."

"लावतंय. पण आदी माझा ऐका." आवडाबाय देसायांसमोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. "दसऱ्याक तुमी हयच उभे रवतास. पागोटा काढून शपथ घेतास. आमी 'होय म्हाराजा' म्हणतो, तेवा तुमी देसाय. खरा ना?"

"खरा."

"तां 'होय' आमच्या मनातला असता म्हणान तेका किंमत. मानेर दोरी बांधून 'होय' म्हणवलास, तर तुमची देसकी पण दोरीच. आणि देवान माणसाक मान दिली ती वळणारी दिली. ओढलेलो नमस्कार तेका होयो असतो, तर तेना आमका लाकडाचे केले असते."

देसायांनी गावाकडे पाहिलं. सगळा गाव बघत होता. "तू गुरवीण असस, देव नाय. तुका नको म्हणान देवाक नको काय? इचार तेका."

आवडाबायनं मान डोलावली. "ह्या मात्र तुमचा बरोबर. मी देव नाय." तिनं पाषाण पुन्हा धुतला. या खेपेला देसायांनाही धुवायला लावला. बाबलच्या हातच्या कळ्या तिनं घेतल्या नाहीत. स्वतः खुडून आणल्या, लावल्या आणि समोर बसली.

दुपार झाली, कळी पडली नाही. संध्याकाळ झाली, पडली नाही.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. असं म्हणतात, कळ्या सुकल्यासुद्धा नाहीत. बाहेर चैत्राच्या उन्हात पानं करपत होती आणि त्या दोन कळ्यांवर दव होतं. आवडाबायचे ओठ मात्र फुटले. तिसऱ्या दिवशी बाबल देसायांच्या पायांवर पडला. "माझे हात तोडा, माका गावाभायर घाला. पण प्रश्न मागे घेवा. ती मरतली."

देसायांना घास जात नव्हता. पण गावासमोर टाकलेला शब्द गिळणं त्यांना त्याहून जड वाटलं. "कौल पडतलो," ते म्हणाले. "देव काय मुको नाय."

बाबल देवळात आला. म्हणाला, "बाय, मी दोनव कळ्ये पाडतंय. मगे होऊदे काय होवचा तां."

आवडाबाय सुकल्या ओठांनी हसली. "तुझे हात आदी बघ. अजून काळेच."

"तू माझ्यामुळे मरतंस."

"तुझ्यामुळे नाय रे. तुझो चीक दिसलो तरी मी मान फिरवतली होतंय. तुका वाचवूक. मूठ मिटतच होती माझी. मी उघडली ती माझ्या मनान. तेवढा तरी माझा म्हणान ठेव."

बाबल खांबाला डोकं आपटून रडला. त्या खांबाला अजून एक खळगा आहे, असं म्हणतात.

पाचव्या दिवशी सकाळी देवळाच्या वाटेवर इठा दिसली. कमरेवर पाण्याची कळशी. गाव बाजूला झाला. कुणीतरी पुटपुटलं, "इली! देवान ओढून हाडली तिका!"

इठा थांबली. "कोणी हाडूक नाय माका. माझे पाय असत. देवाचा नि माझा भांडण असा, तां आमच्या दोघांचा. ह्या पाणी आवडाक." ती पायऱ्या चढली, पण उंबरा ओलांडला नाही. बाहेरच्या पायरीवर बसली, कळशी मांडीवर घेऊन. "आवडा, मी हय बसलंय. तू पियाशीत तेवा पी. मी उठणय नाय."

देसाई हे सगळं बघत होते. पाच दिवस आणि एक जाडा दोर जे करू शकले नसते, ते समोर आपल्या पायांनी चालत येऊन बसलं होतं. ते पुढे झाले. पागोटं काढून त्यांनी उंबऱ्यावर ठेवलं. शब्द सगळ्यांना ऐकू आले.

"बा देवा म्हाराजा, ह्यो प्रश्न माझो नव्हतो. माझो अधिकार नव्हतो. मी मागे घेतंय."

आणि कुणाला सांगावं लागलं नाही. सगळा गाव, पोटातून, म्हणाला, "होय म्हाराजा!"

त्या आवाजासरशी दोन्ही कळ्या एकदम सुटल्या आणि आवडाबायच्या ओंजळीत पडल्या.

बाबलनं तिला उचलून पायरीवर आणलं. इठानं ओंजळीनं पाणी पाजलं. एक ओंजळ, दुसरी ओंजळ. आवडाबायनं बाबलच्या मांडीवर डोकं ठेवलं, त्याचा हात हातात घेतला आणि बोटं न्याहाळली. म्हणाली, "रे मेल्या, खोबरेल लाव. चीक पाण्यान जाणा नाय." आणि डोळे मिटले. बाबलला वाटलं ती झोपली. उन्हं पायावरून डोक्यावर आली तरी त्यानं मांडी हलवली नाही.

त्या महिन्यात गुरं उठली, असं म्हणतात. रोग आपोआपच उतरला असता, असंही काही जण म्हणतात. इठानं पुढे कधी देवाला हात जोडले का, ते कुणालाच माहीत नाही. कुणी विचारलंच नाही. देवळाच्या घंटेचा दोर मात्र तिनं वळून दिला.

आवडाबायच्या मागे कळ्या लावायचं बाबलच्या अंगावर आलं. पहिल्या कौलाच्या दिवशी तो पाषाणाजवळ जाईना. त्यानं आधी गावाकडे तोंड केलं आणि आपले दोन्ही हात उघडून सगळ्यांना दाखवले. खोबरेलानं चोळून चोळून लाल झालेले. मागून कुणी म्हातारी रडत रडत म्हणाली, "दिसले रे मेल्या. लाव आता."

अजून तसंच चालतं. खैरमळ्यात कौलाच्या दिवशी गुरव हात दाखवतो. प्रश्न विचारणाराही दाखवतो, मग तो सरपंच असो की देसायांचा वंशज. शेवटच्या रांगेतलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना ओरडून सांगू शकतं, "रे मेल्या, हात दाखव!" त्या दिवशी त्याचा राग धरायचा नाही. मग विचारणाऱ्याला तीनदा विचारतात, "प्रश्न तुझो असा? तुझो अधिकार असा?" तिसऱ्या खेपेला कितीतरी जण मान खाली घालून परत जातात, आणि त्यांना कुणी हसत नाही.

आणि बाहेर, आवडाबायच्या पायरीवर, पाण्यानं भरलेली एक कळशी असते. ज्याला आत यायचं नाही, त्यानं तिथं बसावं, पाणी प्यावं, वाटलं तर देवाशी भांडावं. का आला नाहीस, असं त्याला विचारायचं नाही. कळशी कोण भरतं, तेही विचारायचं नाही. सकाळी गुरव देऊळ उघडायला येतो, तेव्हा ती भरलेलीच असते.