बुडापेस्टचा मुक्काम

“मग माई, नदीच्या अलीकडे राहू की पलीकडे?”

“कुठल्या नदीच्या?”

“डॅन्यूबच्या.”

माईंनी घेवड्याच्या शेंगेची शीर अलगद ओढून काढली, शेंगेचे दोन तुकडे केले, सुपात टाकले आणि दुसरी शेंग उचलली.

“ही कुठं आली म्हणायची?”

“युरोपात, माई. बुडापेस्टला. एका काठाला बुडा, दुसऱ्या काठाला पेस्ट. बुडा टेकडीवर आहे, अगदी शांत. पेस्टमध्ये सगळी मजा. म्हणजे… मुलांच्या भाषेतली मजा.”

शेवटचे शब्द नीलिमाने आवाज खाली आणून उच्चारले. समोर गाभाऱ्यातल्या दत्ताला ते ऐकू जायला नकोत, असं काहीसं तिच्या मनात असावं.

सोनघाटचा मठ तसा लहानसाच. कृष्णेच्या काठी दत्ताचं छोटं देऊळ, एक ओसरी, एक औदुंबर आणि ऐंशी ओलांडलेल्या माई. मिरजेची नीलिमा पटवर्धन पंचवीस वर्षं इथं येत होती. लग्नाला सहा वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता, तेव्हा माईंनीच तिला गुरुवारांचं व्रत सांगितलं. पुढे दोन मुलगे झाले. दोघांची नावंही माईंनीच ठेवली, श्रीपाद आणि नरहरी. तेव्हापासून घरात काही मोठं व्हायचं असलं की नीलिमा आधी संकल्प करायची आणि मग पदर खोचून कामाला लागायची.

या खेपेचा संकल्प श्रीपादसाठी होता. जर्मनीतल्या विद्यापीठात त्याला प्रवेश मिळावा म्हणून एकवीस गुरुवार. अठराव्या गुरुवारी पत्र आलं. उरलेले तीन गुरुवार तिने तितक्याच निष्ठेने केले, उलट जरा जास्तच. उद्या सकाळी उद्यापन होतं, त्याच्याच नैवेद्याला घेवड्याची भाजी लागणार होती.

पुढच्या महिन्यात श्रीपाद निघणार. त्याला सोडायला जाताना आई आणि दोन मुलगे पंधरा दिवस फिरणार होते. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. “मी घर बघतो, तुम्ही तिघं जाऊन या,” असं नवऱ्याने केव्हाच सांगून टाकलं होतं.

पंधरा दिवस. त्यानंतर थोरला परदेशात, धाकटा पुण्याला होस्टेलवर. तिघं पुन्हा एका छपराखाली कधी राहतील, हा प्रश्न नीलिमाने स्वतःला विचारायचंच टाळलं होतं.

“हे बघा तरी,” म्हणत तिने मांडीवरची फाइल उघडली.

एक्केचाळीस पानं. प्रत्येक शहराचा नकाशा आणि नकाशाभर तांबडे-हिरवे ठिपके.

“तांबडा ठिपका म्हणजे पब. हिरवा म्हणजे चर्च. देव कुणाचा का असेना, घंटा तर वाजते! व्हिएन्नात योसेफश्टाट म्हणून वस्ती आहे. तिथल्या फोटोंत सगळीकडे आज्या कुत्री फिरवताना दिसतात. ती लगेच घेतली. प्रागला झिझ्कोव्ह म्हणून भाग आहे, तिथं पावलोपावली पब. ते पानच फाडून टाकलं. आणि लोक राहून आल्यावर अभिप्राय लिहितात ना, ते मी रोज दुपारी वाचत बसायची. ज्या वस्तीबद्दल कुणी ‘चैतन्याने सळसळणारी’ असं लिहिलंय, ती खोडली.”

“सगळ्या खोडल्यास?”

“एकूण एक!”

बोलताना तिची मान ताठ झाली होती. ट्रॅव्हल कंपनीतली मुलगी ही फाइल पाहून ‘मॅडम, तुम्ही आमच्याकडेच नोकरीला या’ म्हणाली होती, तेही तिने सांगितलं. दोन मुलगे वाढवले, माई, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही कुणाला, हेही सांगून झालं.

माई ऐकत होत्या. शेंग, शीर, दोन तुकडे.

“मग अडलं कुठं?”

नीलिमाने फाइल मिटली.

“मुलं नाही म्हणतात.”

“काय म्हणतात?”

“श्रीपाद म्हणतो, आई, तू आम्हाला युरोपातल्या एखाद्या मठात नेऊन ठेवतेयस.” तिने जीभ चावली. “माफ करा हं, माई.”

माई हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसू कुठेच अडायचं नाही.

“मठात काय वाईट आहे? वेळेवर जेवायला मिळतं. बरं, धाकटा?”

“त्याला पेस्टमध्ये राहायचंय. तिथं म्हणे पडक्या घरांमधून बार काढलेत आणि जगभरची मुलं तिथं जातात. मी म्हटलं, पडकी घरं बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्या गावात काय कमी आहेत?… तर आज गाडीत श्रीपादने शेवटचं सांगितलं.”

“हं.”

“म्हणाला, प्रत्येक गल्ली तूच ठरवणार असशील तर तू काकूच्या ग्रुप टूरबरोबर जा. आम्ही दोघं आमचं आमचं फिरतो. शेवटच्या दिवशी विमानतळावर भेटू.” तिने फाइलची कड बोटाने सारखी केली. “माझ्या जावेने तिच्या टूरमध्ये एक जागा धरून ठेवलीय, टूरवाल्यांना उद्या संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय. पंधरा दिवस होते, माई. तेही…”

औदुंबराखाली दोघं मुलं गाडीच्या काचा पुसत होती. एकमेकांवर पाणी उडवत होती. खिदळण्याचा आवाज ओसरीपर्यंत येत होता.

“तुम्ही एक शब्द टाका, माई. बुडालाच राहा म्हणा. तुमचं ऐकतील ते.”

माईंच्या हातून आणखी चार शेंगा निवडून झाल्या…

“आज तुझा मुक्काम कुठं?”

“गणपुले काकूंकडे. नेहमीसारखा.”

“आज तिथं नको.”

“का हो? त्यांच्याकडे काही अडचण आहे?”

“त्यांच्याकडे काही नाही.” माईंनी अंगणाकडे तोंड करून हाक मारली. “अरे श्रीपाद, नरहरी! या बघू इकडं.”

दोघं हात पुसत आले. ताडमाड उंच, दोघांनाही दाढी. वाकून नमस्कार केला तेव्हा नीलिमाच्या मनात नेहमीसारखंच आलं, दृष्ट काढायला हवी.

“आईला आजच्या रात्रीपुरती जागा पाहिजे,” माई म्हणाल्या. “गावात घाटाची आळी आहे, पेठ आहे, देवळामागची गल्ली आहे. तुम्ही बघा, तुम्हीच ठरवा आणि या.”

“आई, तुला काय काय लागतं—” श्रीपादने विचारायला सुरुवात केली.

“ती काही सांगणार नाही.”

“माई, निदान सोवळ्याचं तरी…”

“एक अक्षर नाही.”

मुलं गेली. गेटबाहेर पडेपर्यंत नीलिमा त्यांच्या पाठीकडे बघत होती.

“त्यांना काय कळतंय, माई? वायफाय कुठं आहे तेवढं बघतील. पेठेत तो लॉज आहे ना, तिथं नेऊन बसवतील मला.”

माईंनी सूप दोघींच्या मधे सरकवलं आणि स्वतः पुढची शेंग घेतली.

“शेंगा मोड.”

नीलिमा मोडू लागली. प्रत्येक तुकडा बोटाच्या पेराएवढा, एकसारखा, एकाशेजारी एक लावलेला.

“भाजीच करायचीय गं,” माई म्हणाल्या.

अर्धा तास गेला. ती उठून कठड्यापाशी गेली. तिथून देवळामागची गल्ली दिसायची.

“नरहरी त्याच गल्लीतून पुन्हा चाललाय. तिसऱ्यांदा! वाट चुकली वाटतं याची. माई, मी जरा हाक मारू का?”

“बस.”

ती बसली. तासाभराने पुन्हा उठली.

“बस गं.”

ऊन औदुंबराच्या पलीकडे कललं तेव्हा गेट वाजलं. नीलिमाची नजर आधी मुलांच्या तोंडाकडे गेली आणि मग खाली गेली ती तिथेच खिळली.

दोघांचे बूट हातात होते.

“अरे देवा! हे काय? बूट का काढलेत? आणि श्री, टाचेला काय झालं? रक्त आलंय!”

“खडी लागली. काही नाही गं.”

“पण अनवाणी कशाला फिरायचं?”

नरहरीला तिचा प्रश्नच कळेना.

“तू अनवाणी जातेस ना दर्शनाला? मग बूट घालून आम्हाला काय कळणार?”

नीलिमाची नजर पुन्हा श्रीपादच्या टाचेवर गेली.

श्रीपाद ओसरीच्या पायरीवर बसला आणि परीक्षेत प्रश्न सोडवून दाखवावा तसं सांगू लागला.

“घाटाच्या आळीतून नदी मस्त दिसते. पण रस्त्याचं काम चाललंय, खडी टाकलीय. ती आळी बाद. पेठेतला लॉज स्वच्छ आहे—”

“वायफाय पण जबरदस्त आहे,” नरहरीने मधेच तोंड घातलं.

“—पण शेजारी मंगल कार्यालय आहे आणि उद्या लग्न. तुझ्या पोथीच्या वेळेला त्यांचा बँड सुरू व्हायचा. मग राहिली देवळामागची गल्ली. तिथं तीन घरं आहेत खोली देणारी. पहिल्या घरात न्हाणीघर सात पायऱ्या खाली. तुझा डावा गुडघा दुखतो—”

“उजवा रे.”

“उतरताना डावा, हरी. चढताना उजवा.”

नीलिमाने पदर सारखा केला. गुडघ्यांबद्दल तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. औषधाची बाटली गव्हाच्या डब्यामागे असायची.

“दुसऱ्या घरातल्या काकू चांगल्या आहेत, पण फार बोलतात,” नरहरी म्हणाला. “तुझं मौन असतं ना उद्यापनाच्या आदल्या संध्याकाळी. त्या काही तुला ते पाळू देणार नाहीत.”

“म्हणून शेवटचं घर ठरवलं,” श्रीपाद म्हणाला. “कुलकर्णी आजींचं. तिथून देवळापर्यंत फरशी आहे. मधे थोडी माती लागते, पण मऊ आहे, आम्ही तीन-तीनदा चालून पाहिलं. पहाटे चारला बंब पेटतो. कांदा-लसूण घरात नाही. आणि तू पोथी वाचायला बसलीस की उजेड डावीकडून लागतो तुला, खिडकी बरोबर डावीकडे आहे.”

“तुमच्या फोनला रेंज?” नीलिमाने कसंबसं विचारलं.

“त्या गल्लीत? शून्य,” नरहरी हसला. “चालतंय एक दिवस.”

औदुंबरावर पोपटांचा थवा येऊन बसला, कलकलाट करून उडूनही गेला…

पंचवीस वर्षं ती देवळाच्या वाटेने अनवाणी जात होती. मागे चिमुकली पावलं असायची, पुढे ती मोठी झाली, पुढे बूट घालून येऊ लागली. नीलिमा कधी मागे वळून बघायची ती एवढ्यासाठीच, की मुलं वाट सोडून कुठं चालली नाहीत ना.

तिने पदराच्या टोकाने श्रीपादची टाच पुसली. तेवीस वर्षांच्या मुलाने पाय मागे ओढून घेतला नाही.

“बघितलंत, माई?” ती म्हणाली. “माझे मुलगे आहेत हे! माझे!”

“बघितलं.”

“पण हे मी नाही हो शिकवलं त्यांना…”

“हं.”

नीलिमाने बाजूला पडलेली फाइल उचलली. तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि ती श्रीपादपुढे धरली.

“हे काय?”

“बुडापेस्टचं तुम्ही ठरवा.”

त्याने फाइल धरली, पण ओढली नाही. “फक्त बुडापेस्टचं?”

ती क्षणभर अडखळली.

“प्रागचंही. व्हिएन्नाचंही… सगळं.”

“आणि काकूची टूर?”

“मी कळवते तिला. म्हणावं, माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी दे.”

नरहरी तिच्या शेजारी टेकला. नेहमी बडबडणारा मुलगा, आता जरा चाचरत बोलत होता. “आई, पेस्टमध्ये मी एक जागा बघून ठेवली होती. त्या बारच्या भागापासून दोन गल्ल्या सोडून. खाली बेकरी आहे, रस्ता सपाट आहे. आणि इमारतीला लिफ्ट आहे.”

“लिफ्ट?”

“बुडाला सगळा चढ आहे गं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू फाइल उघडली होतीस ना.”

श्रीपाद खो-खो हसत सुटला. मग नरहरी. मग पदर तोंडाला लावून नीलिमाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. असे मुलगे सगळ्या मिरजेत कुणाला नसतील, असं तिला वाटलं, आणि ते तिने मोठ्याने म्हणूनही टाकलं.

मग ती उठली. लुगड्याच्या निऱ्या झटकल्या, पिशवी काखेत मारली.

“चला. सामान राहू दे गाडीत. आधी ती आजींची खोली मी एकदा नजरेखालून घालते, मग—”

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. श्रीपादच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरून गेलं.

माईंनी सूप बाजूला सारलं. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांचे दोन्ही हात रिकामे झाले.

“नीलिमा.”

“काय, माई?”

“बघायला नको जाऊस…” माई म्हणाल्या. “राहायला जा.”